ग्रंथपालाचे टेबल : बडोद्याचे कुडाळकर आणि आपले वाचनालय

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर दाराशी थांबली आणि म्हणाली, "सर, मी ग्रंथपालाचा कोर्स करू काय? घरी म्हणतत, त्यात पगार नाय." ती मालवणजवळच्या एका बौद्धवाडीतली आहे. आई काजूच्या कारखान्यात जाते, वडील चिऱ्याच्या खाणीवर. माझेही घर असेच होते. आजोबा मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी आले ते परत गेले नाहीत. आमच्या घरात पदवी मिळवणारा पहिला मी. त्यामुळे तिच्या प्रश्नातला 'पगार' हा शब्द मला पूर्ण कळतो. असे असूनही मी तिला तिथल्या तिथे उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी तो वाचावा अशी इच्छा आहे. कारण वाचनालयाचा प्रश्न हा केवळ वाचनाच्या आवडीचा प्रश्न नाही. सार्वजनिक जागेवर कोणाचा हक्क चालतो, असा तो प्रश्न आहे.

आधी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २००१ साली मी सातवीत होतो. आमच्या भागातल्या एका वाचनालयात गेलो. सभासद होण्यासाठी अनामत रक्कम हवी होती, शिवाय दोन जुन्या सभासदांची शिफारस. अनामत आईने कशीबशी दिली असती. पण शिफारस कोण देणार? आमच्या वाडीत त्या वाचनालयाचा एकही सभासद नव्हता. 'आमच्यात या' असे कोणी म्हणत नव्हते आणि 'येऊ नका' असेही कोणी म्हणत नव्हते. नियमच तसा होता, आणि तो नियम करणाऱ्यांच्या मनात आमच्याविषयी वाईट काही नसेलही. त्यांच्या डोळ्यांसमोर आम्ही नव्हतो, एवढेच.

टेबलापाशी बसणाऱ्या ग्रंथपाल काकांनी मला दोन दिवस नुसतीच वर्तमानपत्रे चाळताना पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पुस्तक काढून दिले आणि म्हणाले, "ह्या माज्या नावार लिवतंय. धा दिवसान परत हाड. पावसात भिजवलंस तर माका दंड भरूचो लागतलो." पुढची तीन वर्षे मी त्यांच्या नावावर वाचले. नोंदवहीत वाचक म्हणून त्यांचे नाव आहे. मी कुठेच नाही. मी प्राध्यापक झालो तेव्हा त्यांना भेटायला गेलो, त्या वेळी ते तिथून निवृत्त झाले होते. एवढी वर्षे काम करून त्यांना निवृत्तिवेतन नव्हते. त्यांच्या उपकाराची आठवण मी कृतज्ञतेने ठेवतो. परंतु माझे शिक्षण एका माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहावे, ही गोष्ट मला तेव्हाही बोचली होती आणि आजही बोचते. हक्क म्हणून जे मिळायला हवे होते, ते मला दया म्हणून मिळाले.

ते हक्क म्हणून मिळण्याची व्यवस्था आपल्या देशात कधी झालीच नाही, असे मात्र नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बडोदे संस्थानात ती झाली होती. त्या कामात ज्यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते ते जनार्दन सखाराम कुडाळकर. हे आडनाव ऐकले की आमच्या सिंधुदुर्गातला माणूस कान टवकारतो. पण ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी सोडले तर ते आमच्याकडेही फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

हकीकत अशी. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. तथापि शाळा सोडल्यावर मुलाच्या हाती पुस्तक आले नाही, तर चार वर्षांत तो पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. बोर्डन सुमारे तीन वर्षे राहिला. राजवाड्यातल्या सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह सार्वजनिक झाला आणि बडोदे शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९११ मध्ये बोर्डनने ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग काढला; भारतातला तो पहिला मानला जातो. १९१२ मध्ये ग्रंथालयविषयक नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजीच्या जोडीला गुजराती आणि मराठी विभागही होते.

बोर्डन १९१३ मध्ये परत गेल्यावर संस्थानातील ग्रंथालय खात्याची सूत्रे कुडाळकरांकडे आली. ते एम.ए., एलएल.बी. होते. त्या काळात अशा पदव्या असलेला मराठी माणूस वकिली करून पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळवू शकत होता. कुडाळकरांनी ग्रंथपालाचे काम पत्करले. १९१९ मध्ये त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी मद्रासला भरलेल्या अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. १९२१ च्या सुमारास त्यांचे निधन झाले आणि खात्याचा कारभार न्यूटन मोहन दत्त यांच्याकडे गेला. कुडाळकरांची कारकीर्द आठ वर्षांच्या आसपासची. पण तेवढ्या काळात त्यांच्या खात्याने ग्रंथपाल या शब्दाचा अर्थ बदलला.

तो कसा, हे जरा खोलात पाहू. त्या काळच्या मुंबई इलाख्यात ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीचे नेटिव्ह जनरल लायब्ररी १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. कोकणाने या बाबतीत अभिमान बाळगावा असा हा इतिहास आहे. परंतु इलाख्यातल्या या ग्रंथालयांची घडण वर्गणीची होती. वर्गणी देतो तो सभासद, सभासद असतो तो वाचक. अशा जागी पुस्तके ही सभासदांची मालमत्ता असते आणि ग्रंथपाल त्या मालमत्तेचा राखणदार. बडोद्यात पुस्तके सर्व प्रजेची झाली आणि वाचन विनामूल्य झाले. तिथल्या ग्रंथपालाला राखणदार होऊन चालत नव्हते; त्याला वाचक शोधावे लागत होते.

ज्या गावात वाचनालय नव्हते तिथे खात्याकडून पुस्तकांच्या पेट्या जात. त्यांना फिरती ग्रंथालये म्हणत. गाडीभाडे खाते भरत असे. पेटीतली पुस्तके वाचून झाली की ती परत यायची आणि दुसरी जायची. गावाला स्वतःचे वाचनालय हवे असेल तर खर्चाचे तीन वाटे होत : एक गावाने उभा करायचा, एक प्रांत पंचायतीने द्यायचा आणि एक सरकारने. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांनाही खात्याने सोडले नाही. त्यांच्यासाठी चित्रे आणि चलच्चित्रे दाखवणारी शाखा होती. अक्षर न येणारा माणूसही ग्रंथालयाचा माणूस आहे, हा विचार आजच्या किती वाचनालयांना मान्य होईल? आपल्या वाडीतल्या आज्यांचा विचार केला की मला ही शाखा सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता याच शहरात, याच काळात घडलेली दुसरी गोष्ट आपण सर्व जाणतो. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिष्यवृत्तीचा करार पाळण्यासाठी बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. कचेरीत शिपाई फायली दुरून फेकत. पिण्याचे पाणी मिळत नसे. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात एक गोष्ट येते, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. कचेरीत काम नसे तेव्हा बाबासाहेब सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन वाचत बसत.

हे वाक्य मी वर्गात सांगतो तेव्हा मुले गप्प होतात. ज्या शहरात त्यांना खोली मिळाली नाही, तिथे त्यांना वाचायला जागा मिळाली. शहर तेच, माणसेही तीच. मग फरक कशाने पडला? धर्मशाळेत कोणाला ठेवायचे हे जातीवर ठरत होते, आणि तो विटाळाचा नियम कचेरीतल्या शिपायाच्या डोक्यातही पक्का होता. सार्वजनिक ग्रंथालयाचा पाया मात्र निराळ्या नियमावर घातला गेला होता. तिथे येणारा वाचक, एवढीच त्याची ओळख. त्या वेळी संस्थानाच्या ग्रंथालय खात्याचे प्रमुख कुडाळकर होते. माणसांची मने बदलण्याआधी जागेचा नियम बदलता येतो, आणि नियम नीट पाळला तर त्या जागेपुरता तरी माणूस माणसासारखा बसू शकतो, हे बडोद्याने दाखवले.

परंतु इथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. ग्रंथालयाने बाबासाहेबांना खुर्ची दिली. राहायला घर दिले नाही. कामाठीबागेत बसून त्यांना पुढचा विचार करावा लागला आणि बडोदे सोडावे लागले. एकटे ग्रंथालय समाज बदलत नाही. 'वाचाल तर वाचाल' असे म्हणत भिंती रंगवणाऱ्या मंडळींनी हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की आपल्या चळवळीने ग्रंथालयाला कधी गौण मानले नाही. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वाचनालये काढणे हे कलम होते.

बाबासाहेबांच्या वाचनाची आमच्या किनाऱ्याशी आणखी एक गाठ आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या केळूसचे कृष्णराव अर्जुन केळूसकर मुंबईत शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या शाळकरी भीमरावाला त्यांनी हेरले, वाचायला पुस्तके दिली, १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यास साहाय्य केले. केळूसकर पदाने ग्रंथपाल नव्हते. पण त्यांनी केले ते काम ग्रंथपालाचेच होते : योग्य वाचक ओळखणे आणि त्याच्या हाती योग्य पुस्तक देणे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतली दोन याच कामाविषयी आहेत. माझ्या काकांनी केले तेही हेच. केळूसकरांनी व्यक्ती म्हणून केलेले काम बडोद्यात खाते म्हणून झाले. आपली मागणी दुसऱ्या प्रकाराची असली पाहिजे.

ग्रंथपालाच्या कामाविषयी आपल्यात एक गैरसमज आहे, की तो पुस्तके देतो आणि घेतो. वस्तुतः पुस्तक वाचकाच्या हाती पडण्याआधी त्याने चार निर्णय घेतलेले असतात. कोणते पुस्तक विकत घ्यायचे, हा पहिला. दाखल नोंदवहीत चढवल्यावर ते कोणत्या विषयात घालायचे, हा दुसरा. ते उघड्या मांडणीवर ठेवायचे की कुलुपात, हा तिसरा. आणि टेबलापाशी आलेल्या माणसाला काय सुचवायचे, हा चौथा. या चारही ठिकाणी समाज आत येतो. एका वाचनालयात मला ऊर्मिला पवारांचे 'आयदान' हस्तकलेच्या पुस्तकांत सापडले. २००३ साली प्रसिद्ध झालेले कोकणातल्या दलित स्त्रीचे आत्मचरित्र भरतकाम आणि कागदकामाच्या शेजारी पडून होते. नोंद करणाऱ्याने मुद्दाम केले नसेल. त्याला आयदान म्हणजे बांबूच्या वस्तू एवढे ठाऊक होते, पुस्तक उघडून पाहायची गरज वाटली नव्हती. पण परिणाम काय झाला? यादीत ते होते आणि वाचकाला नव्हते. मी दाखवल्यावर तिथल्या ग्रंथपाल बाईंनी त्याच दिवशी ते चरित्रांच्या कपाटात नेले आणि नोंद सुधारली. पुढच्या वर्षी त्या मला म्हणाल्या की ते आता क्वचितच जागेवर असते.

शिवाय आमच्या किनाऱ्यावर ग्रंथपालाला आणखी एक लढाई करावी लागते. पावसाळ्याचे चार महिने हवेत इतका दमटपणा असतो की पुठ्ठे फुगतात, पानांना बुरशी धरते, वाळवी भिंतीतून कपाटात शिरते. कपाटे भिंतीपासून हातभर लांब ठेवणे, गणपतीनंतर ऊन पडले की पुस्तके वारवणे, शिवण सुटलेली बांधणीला देणे, हे सगळे त्यानेच करायचे. आमच्या वाड्यांत समाजमंदिरात पत्र्याचे एक कपाट असते. मुंबईच्या मंडळाने मोठ्या उत्साहाने पुस्तके पाठवलेली असतात. किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला ठाऊक नसते. चार पावसाळ्यांनंतर कपाट उघडले की आत लगदा. पुस्तके दान करणारे पुष्कळ आहेत. त्या पुस्तकांपाशी बसणाऱ्या माणसाचा पगार कोणी दान करत नाही.

इथे आपण त्या मुलीच्या प्रश्नापाशी येतो. महाराष्ट्रातली व्यवस्था बडोद्याच्या वाटेने गेली नाही. मुंबई सरकारने १९३९ मध्ये फैझी समिती नेमली, तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची उतरंड सुचवली. ती स्वातंत्र्यानंतर हळूहळू आकाराला आली, पण नवी सरकारी ग्रंथालये काढण्यापेक्षा असलेल्या संस्थांना अनुदान देण्यावर भर राहिला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने हीच घडी पक्की केली. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसवला होता. आपल्या कायद्यात तो नाही. राज्यात हजारो ग्रंथालये अनुदान घेणारी आहेत. ती अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत आणि ती चालवतात स्थानिक संस्थांच्या कार्यकारिणी. कार्यकारिणी सभासदांतून निवडली जाते. सभासद कोण, हे मी वर सांगितलेच.

आता हिशेब पाहा. ड वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ पासून वर्षाला ३०,००० रुपये अनुदान होते. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, साठ टक्के वाढ होऊन ते ४८,००० झाले. त्यातले निम्मे वेतनासाठी धरले तर २४,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,०००. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. गावातल्या ग्रंथपालाला महिनाभराच्या कामाचे आठ दिवसांच्या मजुरीइतकेही मिळाले नाही. मुलीच्या घरचे जे म्हणतात ते आकड्यांनी खरे आहे. आणि या आकड्याचा अर्थही समजून घ्यावा. इतक्या पगारावर हे काम तोच करू शकतो ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे, शेतजमीन आहे, नवऱ्याची नोकरी आहे. भूमिहीन घरातली मुलगी त्या टेबलापाशी बसू शकत नाही. दारावर जातीची पाटी लावावी लागत नाही. पगार ते काम करतो.

मग करायचे काय? १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव आठवा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असे त्यात होते. त्याच्या बळावर १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर माणसे चालत गेली. त्या यादीत वाचनालय नव्हते. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात मात्र राज्याच्या पैशावर पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागा येतात. जे वाचनालय सरकारी अनुदानाचा एक रुपया घेते ते खाजगी मंडळ राहत नाही. तिथे शिफारशीची अट असेल तर तिला आपण विरोध केला पाहिजे, आणि तो सभासद होऊन, कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभे राहून केला पाहिजे. कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की जयंतीच्या खर्चातून वाडीतल्या दहा मुलांची अनामत भरा. शिफारशीला पुढच्या वर्षी तेच दहा जण उपयोगी पडतील. शिक्षकांनी तालुक्याच्या वाचनालयाची ग्रंथयादी मागून पाहावी आणि आपली पुस्तके कोणत्या विषयात घातली आहेत ते तपासावे. आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी अनेक वर्षे पडून आहे, ती आपल्या मागण्यांच्या पत्रकात आली पाहिजे. शाळेच्या मास्तराला पगार हवा हे समाजाला पटले आहे. शाळा सुटल्यावर पुस्तक हातात ठेवणाऱ्याला तो का नको?

त्या मुलीला मी शेवटी सांगितले की कोर्स कर. प्रमाणपत्रावर थांबू नकोस, पदवीपर्यंत जा, म्हणजे शाळा-महाविद्यालयाची वेतनश्रेणी असलेली जागा निघाली तर तिला अर्ज करता येईल. गावच्या वाचनालयातच बसायचे ठरवलेस तर पगारासाठी भांडावे लागेल, आणि त्या भांडणात आम्ही तुझ्याबरोबर असू. तिने विचारले, "आम्ही म्हणजे कोण, सर?" त्या प्रश्नाचे उत्तर मी एकटा देऊ शकत नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो.

तिने प्रवेश घेतला आहे. पुस्तक मागायला आलेल्या सातवीतल्या पोराला तिने स्वतःच्या नावावर पुस्तक द्यावे, असे मला वाटत नाही. त्याच्या नावावर द्यावे.